हिशेब झाल्याशिवाय जाता येणार नाही

पोळा झाला की आमच्या भागात मुकादम फिरू लागतात. गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्याच्या अलीकडची-पलीकडची सगळी गावं धानाची. पोळ्याच्या वेळी धान बांधीत उभं असतं आणि घरात पैसा नसतो, हे मुकादमाला आमच्याइतकंच पाठ असतं. २०२२ साली बाबांनी त्याच्याकडून ३५ हजार उचल घेतली. पावसात घराची मागची भिंत बसली होती आणि बचत गटाचे हप्ते थकले होते. कागद असा काही झाला नाही. मुकादमाची डायरी, तिच्यात बाबांचं नाव, आकडा आणि सही. दिवाळीनंतर नागपूरकडे वीटभट्टीवर यायचं, हजारी भावाने विटा पाडायच्या, पावसाळ्याआधी उचल फेडून वरचे पैसे घेऊन घरी परतायचं, एवढाच तोंडी करार. मी तेव्हा १९ वर्षांची. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलेलं होतं. परीक्षेपुरतं घरी येऊ असं ठरवून मीही आई-बाबा आणि लहान भावासोबत निघाले.

भट्टी नागपूरच्या उत्तरेला, कन्हान नदीच्या पट्ट्यात. त्या बाजूला औष्णिक वीज केंद्रं आहेत, त्यांची राख विटांच्या मातीत मिसळायला मिळते, म्हणून भट्ट्यांची रांगच आहे. आल्या आल्या मुन्शीने, म्हणजे भट्टीचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने, "नोंदीसाठी" म्हणून आधार कार्डं आणि रेशन कार्ड घेतलं. ते परत मिळालं ते सरळ एसडीओ (उपविभागीय अधिकारी) साहेबांच्या टेबलावरून.

काम रात्री सुरू होतं. संध्याकाळी माती भिजवून, तुडवून गारा करून ठेवायचा आणि रात्री दोन-अडीचला उठायचं. लहानांनी गोळे करून द्यायचे, मोठ्यांनी साच्यात दाबायचे, मैदानावर ओळीने पालथे घालत जायचं. ऊन चढायच्या आत जेवढ्या होतील तेवढ्या, कारण नागपूरच्या उन्हात ओली वीट तडकते. मग आधल्या दिवशीच्या विटा उभ्या करायच्या, वाळलेल्या रचायच्या. भाव हजाराला ६०० रुपये. ऐकायला बरा वाटतो. पण मोजणी मुन्शी करायचा, आणि हजाराला शंभर विटा "तुटफूट" म्हणून आधीच वगळायचा. म्हणजे अकराशे पाडल्या की हजार धरल्या. मुकादमाचं कमिशन आमच्याच हजारातून. अवकाळी पाऊस झाला आणि मैदानातल्या कच्च्या विटांचा चिखल झाला तर ते नुकसान पाडणाऱ्याचं. शेठचं नाही, आभाळाचंही नाही. दर आठवड्याला बाजारासाठी दोन हजार खर्ची मिळायची आणि तीही उचलीत चढायची. बाकीचा हिशेब मोसम संपल्यावर.

मी पहिल्या आठवड्यापासून एका वहीत सगळं लिहीत होते. यात हुशारी काही नव्हती, बाबांना रोज रात्री आकडा ऐकल्याशिवाय झोप यायची नाही. तारीख, पाडलेल्या विटा, मुन्शीने धरलेल्या विटा, खर्ची. जानेवारीच्या शेवटी आमच्या वहीप्रमाणे १४ हजारांच्या आसपास फिटले होते.

त्याच सुमाराला ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेताना बाबा चाकात आले. मांडीचं हाड मोडलं. शेठने गाडी काढून जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं, तिथून दोन दिवसांनी मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी रुग्णालयात हलवलं. त्या दोन दिवसांचे २० हजार आमच्या नावावर पडले. मेडिकलच्या आवारातला एक फलक मी तेव्हा वाचला होता: मोफत कायदेशीर मदत, १५१००. बाबांच्या एक्स-रेच्या रांगेत उभं राहून भिंतीवरचं दुसरं काय वाचणार! नंबर सोपा होता, डोक्यात राहिला.

बाबांना घेऊन आईला गावी जायचं होतं. मुकादम म्हणाला, "जा ना काकू, कोन अडवते? पन पोरगी अन् पोरगा राहू द्या. हिशेब झाल्याशिवाय सगळ्यांना जाता येनार नाही." आई रडली नाही की भांडली नाही. तिने फक्त मला विचारलं, "राहशील?" मी हो म्हटलं. उचल घेतली होती, ती फेडायची होती, आमच्या घरात याला दुसरं उत्तर नव्हतं. पुढे सगळ्या अधिकाऱ्यांनी मला ह्या "हो"बद्दल विचारलं. तू स्वतःच राहिलीस ना? मग जबरदस्ती कसली?

तर आता मी आणि १३ वर्षांचा भाऊ. दोघांच्या हातून निम्म्याही विटा होत नव्हत्या. खर्ची हजारावर आली. एकाने बाजारात जायचं तर दुसऱ्याने भट्टीवरच थांबायचं, असा नियम आमच्यासाठी निघाला. मोबाईल "चार्जिंगला" म्हणून मुन्शीच्या खोलीत गेला तो तिकडेच राहिला. घरी बोलायचं असेल तर त्याच्या समोर उभं राहून स्पीकरवर बोलायचं. मुन्शी रात्री टॉर्च घेऊन झोपडीपाशी घुटमळायला लागला तेव्हा शेजारच्या बिलासपूरकडच्या काकीने आमची अंथरुणं उचलून तिच्या झोपडीत नेली. तिने कारण विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मार्चमध्ये गारपीट झाली, वाळत घातलेलं सगळं गेलं. मुन्शीने तेही मांडलं. परीक्षेची तारीख विचारायला मी शेठच्या ऑफिसात गेले तर तो हसून म्हणाला, "बी.ए. करून काय करशील? भट्टीच चालवशील ना." वाईट माणूस नव्हता तो, असं मला आजही म्हणावंसं वाटतं आणि मग माझाच राग येतो. पोरांना संक्रांतीला तीळगूळ वाटायचा. त्याच्या मते तो आम्हाला अडीअडचणीला पैसे देत होता.

एप्रिलमधल्या एका आठवडी बाजारात, मिरची विकणाऱ्या बाईच्या फोनवरून मी १५१०० लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. "आम्हाला घरी जाऊ देत नाहीत," एवढंच बोलले. पलीकडच्या बाईंनी भट्टीचा पत्ता, आमची नावं, भावाचं वय विचारलं आणि मोबाईल आहे का ते विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग पुढच्या बाजाराला याच ठिकाणी ये.

पुढच्या बाजाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या एक ताई मेथीची जुडी हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं की वकिलाला पैसे लागणार नाहीत. विधी सेवेच्या १९८७च्या कायद्यात बाईला उत्पन्न न विचारता मोफत मदत आहे, आणि वेठबिगारीत अडकलेल्यांचा उल्लेख तर वेगळा केलेला आहे. संविधानाचा अनुच्छेद २३ मी बारावीला राज्यशास्त्रात पाठ केला होता: माणसांचा व्यापार आणि वेठबिगारीला मनाई. दोन गुणांचा प्रश्न. तो माझ्याबद्दल आहे असं तेव्हा कुठे वाटलं होतं?

त्यांनी अर्ज लिहिला तो जिल्हाधिकारी आणि उपविभागीय अधिकारी यांच्या नावाने, पोलिसांच्या नावाने नाही. १९७६च्या वेठबिगारी निर्मूलनाच्या कायद्यात जबाबदारी जिल्हा दंडाधिकाऱ्याची आहे, आणि जिल्ह्यात व उपविभागात दक्षता समिती असायला हवी असंही त्यात लिहिलंय. अर्जात एक वाक्य त्यांनी माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं: उचल फिटेपर्यंत दुसरीकडे कामाला जायची किंवा घरी परतायची मोकळीक नाही. त्या म्हणाल्या, "मारलं, उपाशी ठेवलं, हे असेल तर सांग. नसेल तर बनवून सांगू नको. कायद्याला ते लागतच नाही."

कायद्याला लागत नसलं तरी पाहणीला आलेल्या पथकाला लागत होतं. तालुक्याच्या ऑफिसातून दोन गाड्या आल्या. शेठने खुर्च्या टाकल्या, थंडगार ताक आलं. आम्हा सगळ्यांना शेठच्या समोरच उभं करून विचारलं, "इथे कोणाला बळजबरीने ठेवलंय का?" बिलासपूर, बालाघाट, भंडारा, सगळ्या माना हलल्या: नाही साहेब. मी हात वर केला. एक साहेब माझ्यापाशी आले. कुलूप लावतात का? नाही. मारतात? नाही. जेवायला? आम्हीच रांधतो. दार कुठे आहे, कुंपण कुठे आहे, रस्ता तर उघडा आहे, मग जात का नाहीस? मी म्हटलं, पैसे घेतलेत ना. ते बाजूच्या माणसाकडे वळून म्हणाले, "मजुरीचा वाद दिसतो." अहवालात तेच गेलं: मजूर राजीखुशीने काम करीत असल्याचे दिसून येते. जबाब मालकापासून दूर नेऊन घ्यायचा असतो हे मला नंतर कळलं. त्या दिवशी संध्याकाळी मुन्शीने आमची खर्ची बंद केली. दोन-तीन दिवस काकीच्या भातावर काढले.

ताई अहवाल घेऊन थेट सिव्हिल लाइन्सला, जिल्हाधिकारी कार्यालयात गेल्या. त्यांच्यासोबतच्या वकील मॅडमनी सर्वोच्च न्यायालयाचे दोन जुने निकाल अर्जाला जोडले. एक १९८२चा, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांचा. त्यात म्हटलंय की किमान वेतनापेक्षा कमी पैशावर राबावं लागणं हीच सक्ती. भूक आणि गरिबीमुळे माणसाला दुसरा पर्याय उरत नाही तेव्हा ते दडपण शारीरिक बळजबरीइतकंच. दुसरा १९८३च्या डिसेंबरमधला, बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यातला. मजुराकडून सक्तीने काम घेतलं जातंय एवढं दिसलं, की ते उचलीपोटीच आहे असं गृहीत धरायचं. नाही हे मालकाने दाखवायचं. कायद्याचं कलम १५ पण तेच म्हणतं: हे वेठबिगारीचं कर्ज नाही हे सिद्ध करायचा भार सावकारावर. मॅडमनी मला हे झाडाखाली बसवून समजावलं आणि वर तर्री-पोहे खाऊ घातले. तिखट इतकं, की रडायला निमित्त मिळालं.

या वेळी एसडीओ साहेबांनी आम्हा दोघांना आधी भट्टीवरून हलवलं आणि मग जबाब घेतला. जबाब घेणाऱ्या बाई होत्या, शेठ दोन खोल्या पलीकडे. मी वही दिली. त्यांनी पहिलं पान उघडून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवत नेलं, मध्ये एकदाच विचारलं, "ही अकराशेची भानगड काय?"

सुनावणीच्या दिवशी शेठ वकील घेऊन आला होता आणि बगलेत लाल कापडी बांधणीचं मोठं रजिस्टर. त्याला आम्हाला खोटं पाडायचं होतं. पोरगी पैसे बुडवायला बघतेय, हे पाहा साहेब, सगळं लिहिलेलं आहे! त्याने स्वतः पान काढून पुढे सरकवलं. बाबांचं नाव. उचल ३५,०००. दवाखाना २०,०००. खर्ची तारीखवार. तुटफूट वजा. पाऊस वजा. बाकी ४६,०००. त्याखाली मुन्शीच्या अक्षरात एक ओळ: "मुलगी व मुलगा कामावर, बाकी फिटेपर्यंत."

वकील मॅडम काहीच बोलल्या नाहीत. सरकारी कामगार अधिकाऱ्यांनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं, कॅल्क्युलेटर काढला आणि शेठच्याच आकड्यांवरून भागाकार केला. दिवसाला दर माणशी जे हातात आलं ते किमान वेतनाच्या अर्ध्यालाही पोचत नव्हतं. साहेबांनी शेठला विचारलं, "ही शेवटची ओळ तुमच्याच रजिस्टरातली ना?" शेठ म्हणाला, "हो साहेब, मी काही लपवत नाही." त्याच्या वकिलाने कपाळाला हात लावला तो मला अजून दिसतो. इतके महिने आम्ही ज्या हिशेबाला भ्यायलो, तो त्याने इतक्या विश्वासाने टेबलावर ठेवला होता, कारण तो चुकीचा असू शकतो हे त्यालाही कोणी कधी सांगितलेलं नव्हतं.

मुक्ती प्रमाणपत्र म्हणजे एक साधा कागद. फोटो, नाव, वय, भट्टीचा पत्ता, खाली दंडाधिकाऱ्यांची सही आणि गोल शिक्का. त्यातल्या एका परिच्छेदात म्हटलं होतं की सदर व्यक्तीवरील वेठबिगारीचे कर्ज कायद्याने संपुष्टात आले आहे. माझ्या भावाचा वेगळा कागद. तो वाचून मला म्हणाला, "म्हणजे सेहेचाळीस हजार गेले?" मी म्हटलं, गेले. "आणि पस्तीस?" तेही. वेठबिगारीच्या कायद्याचं कलम ६. त्याला पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही त्या दिवशी पटलं नव्हतं. उचल तर खरी होती. भिंत त्याच पैशातून उभी राहिली होती. मॅडमचं म्हणणं, तुम्ही पाडलेल्या विटांची कायद्याप्रमाणे मजुरी धरली तर पस्तीस हजार कधीच फिटून वर त्याच्याकडे तुमचे निघतात. पण कायदा त्या गणितातही शिरत नाही, तो कर्जच मोडीत काढतो. कारण गणितात शिरलं की वही पुन्हा शेठच्या हातात जाते. हे मला समजायला वेळ लागला, आणि समजल्यावर त्या कायद्याबद्दल आदर वाटला, जो त्यातल्या शिक्षा वाचल्यावर निम्मा उतरला. तीन वर्षांपर्यंत कैद, ठीक. दंड दोन हजारांपर्यंत. १९७६ साली दोन हजार मोठे असतील. माझा मुन्शीच्या खोलीतला मोबाईल त्याहून महाग होता. त्या दंडातून मजुराला दिवसाला पाच रुपये द्यावेत असंही कलम १८मध्ये आहे. पाच रुपये! गुन्हा दखलपात्र, पण जामीनपात्र. शेठ त्याच संध्याकाळी घरी जेवायला होता. गुन्हा नोंदवून घेताना ठाण्यातली खेप, बालमजुरीचं कलम भावासाठी लावायची हुज्जत, हे सगळं झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही, ठाण्यात जे होतं तेच.

पैशांचं मात्र सांगते, कारण आमच्यासारख्या कोणाच्या उपयोगी पडेल. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत ताबडतोबीची मदत ३० हजारांपर्यंत आहे आणि तिच्यासाठी खटल्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. पुढची मोठी रक्कम पुरुषाला एक लाख, बाईला आणि मुलाला दोन लाख, शोषण फारच भयंकर असेल तर तीन लाख. बाई आणि मुलाच्या दोन लाखांतले सव्वा लाख ठेवीत, ७५ हजार खात्यात. पण ती रक्कम आरोपीला शिक्षा होण्याशी बांधलेली आहे, आणि आमचा खटला तारखांवर चाललाय. त्यामुळे ज्याच्या हातात आज प्रमाणपत्र आहे त्याने आधी ताबडतोबीच्या मदतीचा अर्ज लावावा, बँकेचं खातं चालू आहे का ते बघावं. माझं जनधनचं खातं व्यवहार नाही म्हणून बंद पडलेलं होतं आणि केवायसीला लागणारं आधार कार्ड पुराव्यात जमा होतं. हा घोळ निस्तरायला ताईंनी बँक मॅनेजरसमोर प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत ठेवली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली, म्हणाला, "हे असं अजून असते का नागपुरात?"

गावी परतलो तेव्हा बाबा कुबडीवर अंगणापर्यंत आले. आईने प्रमाणपत्र देव्हाऱ्यात ठेवलं. परीक्षा तर बुडालीच होती. पुढच्या वर्षी मुक्त विद्यापीठातून पुन्हा नाव घातलं. भाऊ शाळेत गेला, एक वर्ष मागे. काकी त्या मोसमाच्या शेवटी बिलासपूरला परतली, तिचा हिशेब कसा झाला ते तिने फोनवर सांगितलं नाही.

मदतीचे पैसे खात्यात आले तसा मुकादम दारात. त्याला कोणी कळवलं देव जाणे. ओट्यावर बसून बाबांना म्हणाला, "कागद-बिगद ठीक आहे भाऊ, पन इमान म्हनून काही असते का नाही? शेठने दवाखान्यात नेलं होतं तुमाले." बाबांची मान खाली गेली. मला त्या क्षणी दिसलं, की भट्टीला कुंपण का नव्हतं. त्यांना आमच्या इमानाची खात्री होती. आणि इमानाला हात घातला की बाबा हरणार, हे मुकादमाला पाहणीच्या पथकापेक्षा जास्त कळत होतं.

तो गेल्यावर आई आत जाऊन हिशेब करत बसली. निदान दवाखान्याचे वीस तरी देऊन टाकू, म्हणाली. झोप लागत नाही. मी वकील मॅडमना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मॅडमनी कलम ९ समजावून सांगितलं: जे कर्ज कायद्याने संपलंय त्याचे पैसे स्वीकारणं हाच गुन्हा आहे, घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आई बराच वेळ फोनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी देऊन आली तर तो आत जाईल?"

"घेतले तर, हो."

"असं का," आई म्हणाली आणि उठून माझ्याकडे वळली. "नागपूरची सकाळची गाडी किती वाजताची आहे गं?"